'थांबा' सांगणारा दिवा

मित्रांनो, गाणं अगदी रंगात आलेलं असतं आणि रंगमंचाच्या काठावर एक लाल डोळा उघडतो. गाणाऱ्याचं तोंड लगेच उतरतं. तो डोळा माझा. मी वेळ संपल्याचं सांगणारा दिवा आहे, आणि आता बराच जुना झालोय. माझी पाठ नेहमी प्रेक्षकांकडे असते, त्यामुळे तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. म्हणून माझी ओळख मीच करून देतो.

माझा जन्म एका सभागृहाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे वायरींची भेंडोळी, गेलेले बल्ब आणि स्क्रूंनी भरलेले डबे असत. त्या खोलीचे मालक म्हणजे सभागृहाचे वायरमन. त्यांना सगळे काका म्हणतात. माझं तोंड म्हणजे मोडीत निघालेल्या एका स्कूटरचा मागचा दिवा. ब्रेक दाबला की पेटणारा. म्हणजे 'थांबा' म्हणणं माझ्या रक्तातच आहे म्हणा ना! माझं बूड एका मोडक्या टेबलाच्या पायाचं आहे. तिथून वीस हात वायर निघते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला दारावरच्या घंटीचं बटण आहे. बटण दाबलं की मी पेटतो, सोडलं की विझतो. याहून जास्त अक्कल मला नाही.

काकांनी मला केलं ते काकूंसाठी. काकू जवळच्या शाळेत शिपाई होत्या. शाळेची घंटा त्यांच्या हातात असे. सभागृहात कार्यक्रम असला की त्या काकांच्या मदतीला येत, पडद्याआड पत्र्याची खुर्ची टाकून बसत आणि कुणाची वेळ संपली की हात हलवून खूण करत. त्या हाताकडे कुणी बघायचं नाही. एकदा तर एका गायकानं त्यांनाच हात जोडून नमस्कार केला आणि आणखी दोन गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी काकांनी मला जोडायला घेतलं.

काकूंनी पहिल्यांदा बटण दाबलं, मी पेटलो. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"जरा रागीट दिसतोय," त्या म्हणाल्या, "पण घरचा वाटतो. तुमच्यावर गेलाय."

काकांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

काकूंचे नियम ठरलेले होते. पाच मिनिटं उरली की मी स्थिर पेटायचो. वेळ संपली की माझी उघडझाप सुरू व्हायची. पण कुणाची ओळ अर्धी असताना त्यांनी कधी बटण दाबलं नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबला की मगच. "घास तोंडात असताना ताट ओढू नये," असं त्या म्हणत. आणि कधी कुणी रुसलं की मला समजवत, "शाळेत मी घंटा दिली की पोरं नाचत घरी जातात. इथे दिवा लावला की मोठी माणसं फुगून बसतात. एकच काम रे, पण ज्याचं त्याचं नशीब."

लोक मला नावं ठेवत. नाटकवाले मला 'सासूचा डोळा' म्हणत. एका वक्त्यांनी नऊ वेळा 'शेवटचे दोन शब्द' सांगितले आणि मी पेटलेला दिसू नये म्हणून आपली पांढरी टोपी काढून माझ्यावर ठेवली. काकू शांतपणे बटण दाबत राहिल्या. टोपी आतून लाल होई, पांढरी होई, पुन्हा लाल होई. आता तर ती प्रेक्षकांनाही दिसू लागली! सगळं सभागृह हसायला लागलं. वक्त्यांनी टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि ते खाली बसले. त्या दिवशी माझ्यासाठी टाळ्या पडल्या. तेवढ्याच.

अशी सव्वीस वर्षं गेली. मग काकू आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. काकांनी माझी वायर आठच्या आकड्यात गुंडाळली, कारण त्या तशीच गुंडाळत, आणि मला जुन्या वायरींच्या खोक्यात ठेवलं. मग त्यांनी मोठ्या आकड्यांचं एक घड्याळ विकत आणलं. ते रंगमंचाच्या काठावर माझ्या जागी बसलं. पत्र्याची खुर्ची तिथेच राहिली. तिच्यावर कुणी बसत नसे. काकाही उभ्यानंच काम करत. मी वर्षभर खोक्यात होतो. तक्रार करत नाही. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त गेलं होतं.

आता त्या दुपारची गोष्ट सांगतो.

आमच्या सभागृहात एक जोडपं वर्षानुवर्षं लोकगीतं सादर करत आलं आहे. नवरा व्हायोलिन वाजवतो, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बायको गाते, त्यांना सगळे वहिनी म्हणतात. नावाड्यांची गाणी, पिंजाऱ्यांची गाणी, पाळणे, असं बरंच काही त्यांच्यापाशी आहे. गेल्या दोन वर्षांत मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळत चाललं. ती बोटं सरळच होईनात. तारांवर बोटं टेकत नाहीत तर वाजवणार कसं? ऑपरेशन केलं तर हात सुधारेल असं डॉक्टर म्हणाले, पण तेवढी ऐपत नव्हती.

बाहेरच्यांपैकी हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या. मास्तर दाढ दाखवायला गेले होते. ते खुर्चीचा हात कसा धरतात, ते बाईंनी पाहिलं. बाई स्वतः गिटार वाजवतात. त्यांनी मास्तरांसाठी मदतीची मैफल करायचं ठरवलं. ओळखीच्या लोकगीतवाल्यांना बोलावलं, आपला बँडही उभा केला.

मास्तर मात्र अडून बसले. "गाणं ऐकवू, मग द्या," ते म्हणाले. "नुसता हात पसरणं मला जमायचं नाही."

"पण तुम्हाला वाजवता येत नाही, म्हणून तर ही मैफल!" बाई म्हणाल्या.

"मग ही गाईल. पण आमच्यापैकी कुणीतरी त्या रंगमंचावर उभं राहिलं पाहिजे. नाही तर मला एक छदामही नको."

मास्तर बोलले म्हणजे बोलले. वहिनी आयुष्यात व्हायोलिनशिवाय गायल्या नव्हत्या. तरी त्या हो म्हणाल्या. मान त्यांचा, म्हणून त्यांची पाळी शेवटी ठेवली. सव्वापाचला.

आमच्या सभागृहाच्या भिंतीला लागून दवाखाना आहे. त्यामुळे एक नियम पक्का आहे. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सगळं वाजवणं बंद. मेन स्विच चौकीदारमामांच्या ताब्यात असतो, आणि मामांच्या घड्याळात सहा म्हणजे सहाच.

मैफल तीनला सुरू झाली. काकांनी वायरींचं खोकं नेहमीप्रमाणे पडद्याआड आणून ठेवलं होतं. त्यात मी पडून होतो. खोक्याला झाकण नव्हतं, एक बाजूही फाटली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि दिसतही होतं. आधी ढोल आणि बासरीवाले झाले, मग तिघी बहिणी गायल्या. ही लोकगीतवाली मंडळी वेळेला चोख. चार कडवी म्हणजे चार कडवी. सव्वाचारला डॉक्टरीणबाईंचा बँड वर आला.

मित्रांनो, हा होता जॅम बँड. म्हणजे असा बँड, ज्यात सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं असतं, पण कुठे थांबायचं ते कुणालाच माहीत नसतं. एकानं सूर काढला की दुसरा तो उचलतो, तिसरा त्याला फाटा फोडतो, आणि सगळे डोळे मिटून त्या फाट्यानं चालू लागतात. ड्रम वाजवणारा होता बेकरीवाला. तो पहाटे तीनला उठून पाव भाजतो, त्यामुळे त्याचे डोळे तसेही अर्धे मिटलेलेच असतात. बाई तर आपल्या दवाखान्यात दोन मिनिटांत दाढ काढतात, पण गिटार हातात आली की त्यांना तास पुरत नाही.

वाजवत होते मात्र छान. खोटं कशाला बोलू? माझ्या खोक्यातली वायरसुद्धा थरथरत होती.

पाच वाजले. सव्वापाच झाले. बाईंनी घाम पुसला आणि नॅपकिन नेमका घड्याळावर टाकला. मोठे आकडे झाकले गेले. काका वाकून वाकून रंगमंचावर गेले आणि त्यांनी बाईंची बाही ओढली. बाईंनी डोळे किलकिले केले, काकांना पाहिलं आणि तोंडभर हसून मान डोलावली. त्यांना वाटलं काका दाद द्यायला आलेत! त्यांनी खुशीनं नवं आवर्तन सुरू केलं.

साडेपाचला मास्तर पडद्याआड आले. चेहरा शांत होता, पण आवाज करडा.

"चल गं. आपली पाळी काही आज येत नाही."

"थांबा हो जरा. होईल त्यांचं," वहिनी म्हणाल्या.

"किती थांबायचं? मी बाहेर आहे. आणि त्या बाईंना नंतर सांग, आम्ही काही न देता घेत नसतो."

ते गेले. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. मला खोक्यातून त्यांची पावलं दिसत होती. एक पाऊल दुसऱ्यावर चढवून त्या उभ्या होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या. ऑपरेशन होणार की नाही, तो हात पुन्हा तारांवर फिरणार की नाही, हे आता अर्ध्या तासावर येऊन ठेपलं होतं.

"भाऊजी, काय करायचं?" त्यांनी काकांना विचारलं.

"आवाज बंद करतो. बटण माझ्याच हातात आहे."

"नको हो. तिनंच तर हे सगळं उभं केलं, आणि आपण चारचौघांत तिचा आवाज तोडायचा? ताईंनी असं कधी केलं नसतं." काकूंना त्या ताई म्हणत. मग त्यांनी विचारलं, "ताईंचा तो दिवा होता ना? तो कुठाय?"

काका खोक्यापाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मला वर काढलं. शर्टाच्या टोकानं माझी काच पुसली. बराच वेळ पुसली. धूळ तेवढी नव्हती.

मला रंगमंचाच्या काठावर, त्या नॅपकिनच्या बाजूला ठेवलं, आणि काकांनी पडद्याआडून बटण दाबलं. मी पेटलो. वर्षभरानं! पण माझ्याकडे बघणार कोण? बँडच्या पाचही जणांचे डोळे मिटलेले. मी लाल होऊन बसलो, अगदी लाजल्यासारखा.

मग काकांनी उघडझाप सुरू केली. बेकरीवाल्यानं एक डोळा उघडला. मला पाहिलं. मला वाटलं, झालं, समजलं याला! त्यानं भुवया उंचावल्या, मान हलवली, आणि माझ्या उघडझापेवर ठेका धरला.

मित्रांनो, इतकी वर्षं मी कितीतरी जणांना थांबवलं. माझ्या तालावर वाजवणारा हा पहिलाच. ड्रम माझ्याबरोबर पडू लागले, मग गिटारही त्यात आली. काका चिडले आणि त्यांनी बटण भराभर दाबलं. बँडही भराभर वाजू लागला. काकांचा अंगठा आणखी वेगात, बँड त्याच्याहून वेगात. प्रेक्षक उठून उभे राहिले, टाळ्या पडू लागल्या. मी 'थांबा, थांबा' म्हणत होतो आणि माणसं नाचत होती. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, फार मजा आली.

"ही काय माणसं आहेत!" काका कपाळाला हात लावून म्हणाले. "ब्रेक दाबला की गाडी पळतेय!"

वहिनींना हसू फुटलं. हसता हसताच त्या एकदम थांबल्या.

"भाऊजी, अहो, ही माणसं तुमच्या अंगठ्यावर चालतायत. मग हळू करा की!"

"म्हणजे?"

"आमच्या नावेच्या गाण्याची लय आठवते? वल्ही मारल्यासारखी. तिथपर्यंत आणा त्यांना. मी सांगते कसं ते." आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर बोटांनी ठोके द्यायला सुरुवात केली.

काकांनी तसं केलं. ठोका खांद्यावर पडायचा, अंगठा बटणावर पडायचा, मी पेटायचो. आधी जलद, मग जरा सावकाश, मग आणखी सावकाश. बेकरीवाला माझ्यामागून एकेक पायरी उतरत आला. प्रेक्षक बसले. गिटार मऊ झाली. शेवटी पाण्यात वल्हं पडावं तेवढ्या संथपणे मी पेटत होतो आणि विझत होतो. इतकं काही बदललं म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडले. त्यांनी मला पाहिलं. मग नॅपकिन उचलून घड्याळ पाहिलं. पाच शेहेचाळीस. त्यांचा चेहरा माझ्याइतका लाल झाला.

त्या गिटार खाली ठेवणार तेवढ्यात वहिनी रंगमंचावर आल्या. त्यांनी हातानंच खूण केली, असू दे, चालू ठेव, हळू. आणि माझ्या एका ठोक्यावर त्यांनी सूर लावला:

*नावाड्या रे नावाड्या, अजून पैलतीर लांब,*
*माझ्या मागं येणारीला दोन घटका थांब.*

पहिल्या ओळीला त्यांचा आवाज जरा कापला. व्हायोलिनची जागा रिकामी होती, त्यांना ती बोचत असणार. पण गिटारनं ती जागा ओळखली. तिथे नवं काही भरलं नाही, नुसता एक सूर खाली धरून ठेवला. मग वहिनींचा आवाज मोकळा झाला. न ठरवता साथ करणं, ही जॅम बँडची विद्या. तिचं खरं मोल मला त्या दिवशी कळलं.

माझी पाठ तिकडे होती, पण पुढचं मला काकांकडून नंतर कळलं. मास्तर सभागृहाच्या दाराबाहेर उभे होते. तिथून ते परत फिरले. आधी मागच्या रांगेत उभे राहिले, मग मधल्या, मग पुढे येऊन बसले. त्यांचा डावा हात मांडीवर होता. सरळ होणारी बोटं तेवढी हलत होती, तारांवर चालल्यासारखी.

काकांनी आता बटण सोडून दिलं होतं. बँडला माझी गरज उरली नव्हती. गाणं वहिनींच्या श्वासावर चाललं होतं.

शेवटचं कडवं झालं. वहिनींनी ते बरोबर जिथे संपायला हवं तिथेच संपवलं. त्यांना कुणी दिवा दाखवला नव्हता. टाळ्या पडल्या. मामा मेन स्विचवर हात ठेवून उभे होते. ते तिथूनच ओरडले, "अजून एक मिनिट आहे! कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणून घ्या!"

ते मिनिट डॉक्टरीणबाईंनी घेतलं. त्या मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं. तुमच्यासाठी मैफल केली आणि तुमचीच वेळ खाल्ली."

"वाजवता चांगलं," मास्तर म्हणाले. "थांबायला तेवढं शिका."

"शिकते. पण आता घ्याल ना?"

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदरानं घाम पुसत होत्या.

"हिनं गाऊन दिलंय," ते म्हणाले. "आता घ्यायला हरकत नाही."

सहा वाजले आणि मामांनी स्विच ओढला.

ऑपरेशन झालं. हात बरा होतोय, पण आणखी काही महिने व्हायोलिन धरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मास्तरांना घरी बसवेना. परवाच्या कार्यक्रमाला ते हाताला पट्टा बांधून आले आणि पडद्याआड येरझारा घालू लागले. काकांनी थोडा वेळ ते पाहिलं.

"मास्तर, उजवा हात मोकळाच आहे ना?" आणि माझं बटण त्यांच्या हातात दिलं. "गाणाऱ्याचा श्वास कुठे पडतो, ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. बसा."

मास्तरांनी पत्र्याच्या खुर्चीकडे पाहिलं. ती कुणाची, हे त्यांना माहीत होतं. "इथे?"

"इथेच. रिकामी ठेवून काय करायचंय? ती असती तर मला ओरडली असती."

मास्तर बसले. काकांनीही पालथा डबा ओढून शेजारी बैठक मारली. काकू गेल्यापासून मी त्यांना काम करताना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामावर आहे आणि मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मी पेटलो की रागावू नका. माझ्यामागे नेहमी कुणीतरी आपल्या पाळीची वाट पाहत उभं असतं. आणि कधी रंगमंचाच्या काठावर मी विझलेला, धुळीनं भरलेला दिसलो, तर बिघडलाय म्हणून उचलून टाकू नका. हातरुमालानं काच तेवढी पुसा आणि मला तसाच राहू द्या. मी विझलेला असतो, तेव्हा कुणाचं तरी गाणं अजून चालू असतं.